शेऱ्याचा रकाना

सोमवार, ४

आज एका माणसाचे हात बांधले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच असं नाही, पण आज त्याच्या मुलीने पाहिलं.

माणूस बसचा ड्रायव्हर. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ऑपरेशन सुरळीत. माझ्या रिकव्हरीच्या खोलीत आणला आणि दहा मिनिटांत त्याने अशी उसळी घेतली की सलाइनचा स्टँड आडवा. ‘ब्रेक लागत नाही, ब्रेक लागत नाही’ म्हणून ओरडत होता आणि माझं मनगट गिअरसारखं मागेपुढे ओढत होता. मामांनी पाय धरले. (मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय. साठीला टेकलेत, तरी बॉयच.) मी बँडेज गुंडाळून त्याचे हात खाटेच्या कठड्याला बांधले. तेवढ्यात कुणीतरी दार उघडं टाकलं आणि बाहेर मुलगी उभी. तिने आधी बापाच्या हातांकडे बघितलं, मग माझ्या.

‘इथे आलेला माणूस आपण शुद्धीवर आणतो, जेरबंद करत नाही.’ हे वाक्य मी नव्या मुलींना शिकवते. मामांनी ते शंभरदा ऐकलंय. पण भला माणूस, एवढंच म्हणाले, “सिस्टर, तिसऱ्या गिअरवर होता. चौथा टाकला असता तर आपण दोघं खिडकीबाहेर.”

मी हसले. मग नळाखाली मनगट धरून बराच वेळ उभी राहिले. बोटं उमटली होती.

गुरुवार, ७

भूल देणाऱ्या मॅडमनी मला आणि मामांना बोलावून नवीन औषध समजावलं. ऑपरेशन संपत आलं की हे शामक शिरेतून हळूहळू सोडायचं. माणूस जागा होतो पण उसळत नाही. हाक मारली की डोळे उघडतो, सोडला की मिटतो. खोकला कमी, थरथर कमी, झटापट नाही.

“ड्रायव्हरसाहेबांना हे दिलं असतं तर गाडी सरळ डेपोत लागली असती,” मामा म्हणाले. मॅडम हसल्या, म्हणजे सोमवारचा प्रकार त्यांच्या कानावर गेलाय. मला मान वर करता येईना.

त्यांनी बजावलेलं जसंच्या तसं लिहून ठेवते. याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. नाडी पन्नासच्या खाली किंवा वरचा दाब नव्वदच्या खाली गेला की लगेच हाक मारायची. आणि मुख्य गोष्ट: एरवी पोटात काही बिघडलं तर नाडी धावते, पेशंट तळमळतो. हे औषध दोन्हींवर पांघरूण घालतं. तेव्हा शांत पेशंटकडे जास्त बघायचं, कमी नाही.

तक्ता माझ्याकडे दिलाय. प्रत्येक पेशंट कसा जागा झाला त्याचे गुण: शांत असेल तर एक, चुळबूळ दोन, कण्हणं-ओरडणं तीन, हातपाय झाडणं चार, आवरेनाच तर पाच. सुरुवातीला पूर्वीच्या भुलीची माहिती, कडेला शेऱ्याचा रकाना. कमी गुण मिळवणारा हुशार, अशी परीक्षा आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

गुरुवार, २१

तेरा पेशंट. अकरा जणांना एक, दोघांना दोन. शेऱ्याचा रकाना कोरा, लिहायला काही नाहीच. आज पहिल्यांदा कळलं की आमच्या खोलीतलं घड्याळ टिकटिक करतं. सर्जन डोकावून म्हणाले, “सिस्टर, इथे वाचनालय कधी उघडलं?”

मला हे फार आवडायला लागलंय. घरी आलं की शांतता संपते. आमच्या आणि थोरल्या जाऊबाईंच्या घरात एकच भिंत. ताईला काही सांगायचं असलं की ती बोटाच्या पेराने भिंतीवर तीनदा ठोकते. म्हणजे ‘धाकटे, ये लवकर’. लवकर म्हणजे दूध उतू गेलं इथपासून ते ‘अगं, तो समोरचा टकल्या आज टोप घालून गेला’ इथपर्यंत काहीही. तिचं कुजबुजणंसुद्धा तीन घरांत जातं. घरात तिला नगारा म्हणतात आणि तीही खुशाल म्हणते, “मी नगारा, ही टिमकी. टिमकीचं कोण ऐकतंय?”

खरं सांगायचं तर दहातल्या सहा वेळा भिंत वाजली की मी झोपेचं सोंग घेते.

सोमवार, २५

पहाटे भिंत वाजली. नेहमीप्रमाणे पडून राहिले. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा भाऊजीच दारात. ताई पोट धरून वाकडी झाली होती.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. तपासणाऱ्या डॉक्टरांशीच भांडली. “किती आहेत?” “पुष्कळ आहेत.” “पुष्कळ म्हणजे किती? मोजा की. माझ्या नणंदेला सातच निघाले तर वर्षभर सांगत फिरली.”

ऑपरेशन आमच्याकडेच करायचं ठरलं. सगळे म्हणाले, किती बरं, धाकटी तिथेच आहे.

मलाही बरं वाटायला हवं होतं.

रविवार, १

लिहूनच टाकते, ही वही कुणी वाचत नाही.

गेल्या वर्षी मला हॉस्पिटलचा आदर्श परिचारिकेचा मान मिळाला. समारंभाला घरून कुणाला बोलावलं नव्हतं. भाषणात बोलून गेले, ‘रात्रपाळ्या करून मुलाला एकटीने वाढवलं.’ टाळ्या पडल्या. पुढे ते वाक्य माझ्या फोटोखाली छापलं आणि फ्रेम करून रिकव्हरीच्या दाराशीच लावलं.

मुलाला वाढवलं ताईने. माझ्या रात्रपाळीला तो भिंतीपलीकडे झोपायचा. त्याचा पहिला दात तिने बघितला, पहिलं पाऊल तिने बघितलं. नर्सिंगला असताना माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्यासुद्धा तिने लिहिल्या, तिचं अक्षर मोत्यासारखं म्हणून. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. म्हणजे बोलून दाखवते, सगळ्यांनाच, पण उपकार म्हणून नाही. गंमत म्हणून, ‘माझा लेक’ म्हणून.

आणि भुलीतून उठताना माणसं काय बोलतात ते मी बावीस वर्षं ऐकतेय. ती उठून ‘माझ्या लेकाला फोन लावा’ म्हणून नगारा वाजवणार, माझ्याच खोलीत, माझ्याच हाताखालच्या मुलींसमोर.

मंगळवार, ३

मॅडमनी आज ताईला तपासलं. पहिल्या पाच मिनिटांत ताईने त्यांना गुडघेदुखीवर उपाय सांगितला. मॅडम बाहेर येऊन मला म्हणाल्या, “गोड आहेत हो. अजिबात घाबरलेल्या नाहीत. यांना ते औषध लागणार नाही.”

मी म्हणाले, “मॅडम, अपेंडिक्सच्या वेळी शुद्धीवर येताना हातातली सुई उपटली होती तिने. दोघींना लाथा मारल्या होत्या.”

“असं? मग देऊ या.”

असं काहीही झालेलं नाही. अपेंडिक्सच्या वेळी ती हसत उठली आणि तिथल्या नर्सला लग्न ठरलंय का विचारलं.

तिला त्रास तर होणार नाही ना या औषधाने. उलट बरंच आहे. तिच्याच भल्याचं आहे. दाराजवळची फ्रेम काढून कपाटात ठेवली. मामांनी विचारलं, “पुसायला?” मी हो म्हणाले.

बुधवार, ४ (दुपारी)

कपडे बदलायच्या खोलीत डबा उघडून बसलेय. बाहेर ताईपाशी मामा आहेत. ताईचं छान झालं. रिकव्हरीत येऊन चाळीस मिनिटं झाली आणि मी उगाच एवढी धास्ती घेतली होती. चक्क गुण एक. हाक मारली तर डोळे किलकिले केले, ओठ हलवले, पुन्हा मिटले. नाडी बासष्ट. दाब एकदा अठ्ठ्याऐंशी दाखवला. पट्टा सैल असणार. घट्ट करून घेतला तर एक्क्याण्णव. औषधाने थोडा उतरतोच. उजव्या खांद्याकडे हात नेत होती. पोटात गॅस भरतात त्याने खांदा दुखतो, सगळ्यांचाच दुखतो.

मामा म्हणाले, “सिस्टर, तुम्ही तर म्हणत होतात नगारा आहे. ही तर सतार निघाली.”

मी म्हणाले, “पंचवीस वर्षांत पहिल्यांदा गप्प आहे. राहू दे अशीच.” खूप हसलो दोघं.

एक गंमत. खाटेच्या कठड्यावर बोटाने ठोकत होती. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. गुंगीतसुद्धा! जित्याची खोड म्हणतात ती हीच. (म्हण अर्धीच लिहिते.) मी तिचा हात उचलून चादरीखाली घातला. बोटं गार होती, खोलीतला एसी जरा जास्तच आहे.

शुक्रवार, ६

ताई जिवंत आहे. हे आधी लिहिते.

डबा संपवून परत गेले तर मॅडम तिच्या खाटेशी उभ्या. सहज आल्या होत्या. कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवला. मग तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आतून वहीच्या कागदासारखी पांढरी.

“किती वेळ अशा आहेत या?”

“शांत आहे, मॅडम,” मी म्हणाले.

हेच म्हणाले.

पुढच्या सहा मिनिटांत तिला पुन्हा आत नेलं. रक्तवाहिनीवरची क्लिप सुटली होती. पोटात दीड लिटर रक्त. नाडी शेवटपर्यंत सत्तरच्या वर गेली नाही. तळमळली असती, ओरडली असती, तर अर्धा तास आधी कळलं असतं. तिने केलं ना, तिला जेवढं करता येत होतं तेवढं केलं. खांद्याकडे हात नेला. ठोकलं.

मी तो हात चादरीखाली घातला.

सोमवार, ९

वॉर्डात भाऊजी भेटले. रडत होते. “तू तिथे होतीस म्हणून ही वाचली गं.” शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीही ऐकलं आणि त्या आपल्या मुलीला म्हणाल्या, “घरात एक तरी नर्स हवी बघ.”

मी काय म्हणाले? मी म्हणाले, “चहा घेता का, भाऊजी?”

ताई डोळे मिटून पडली होती.

गुरुवार, १२

मॅडमनी बोलावलं. ताईच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचे कागद त्यांनी मागवून घेतले होते. “यात सुई उपटल्याचं कुठेच नाही.”

“सगळं थोडंच कागदावर येतं, मॅडम,” मी म्हणाले.

त्यांनी ते कागद मिटून ठेवले. मग म्हणाल्या, “चूक माझीही आहे. औषध मी दिलं, आणि घरच्या माणसाला गुण द्यायला घरच्याच माणसाला बसवलं.” मॅडमनी, ज्यांची काही चूक नव्हती त्यांनी, माझ्यासमोर स्वतःचे कान धरले. आणि मी खाली फरशीवरचे चौकोन मोजत राहिले.

पहिल्या खोट्याला निदान स्वतःची समजूत तरी काढली होती.

मंगळवार, १७

ताई गुरुवारी घरी आली. टाके कोरडे, ताप नाही, भूक बरी. पण बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते. “बरं वाटतंय?” “हो.” “भात आणू?” “आण.” आवाज एवढा लहान की पुढे वाकून ऐकावं लागतं. अशक्तपणा असणार, दीड लिटर म्हणजे थोडं नव्हे. रक्तवाढीचं टॉनिक नेऊन दिलं. तिने बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाली, “ठेव तिथे.”

रात्री जेवताना नवरा म्हणाला, “घर कसं शांत झालंय नाही?” मी आमटी वाढायला उठले.

पाच दिवस भिंत वाजली नाही.

रविवार, २२

आज सरळ विचारलं. ती पलंगावर टेकून बसली होती, मी तिच्या उशा सारख्या करत होते.

“ताई, बोलत का नाहीस गं?”

“तुला शांत आवडतं ना.”

मला वाटलं, सहज म्हणाली. मग तिने माझ्याकडे न बघता, त्याच बारक्या आवाजात, माझं वाक्य मला परत दिलं. “पंचवीस वर्षांत पहिल्यांदा गप्प आहे. राहू दे अशीच.”

मी उशी धरून उभी.

“सगळं ऐकू येत होतं मला,” ती म्हणाली. “डोळे उघडत नव्हते, जीभ वळत नव्हती. बोट तेवढं हलत होतं. म्हटलं, हिला कळेल. जगात दुसऱ्या कुणाला नाही कळणार, पण हिला कळेल. तू हात उचललास तेव्हा वाटलं, कळलं.”

मग मी सांगितलं. भाषण सांगितलं, फ्रेम सांगितली. मॅडमना काय सांगून ते औषध द्यायला लावलं, तेही. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ताई ऐकत राहिली. फ्रेमचं ऐकून नाक उडवलं. पण सुईवर आले तेव्हा ताठ झाली.

“मी? मी सुई उपटली?”

“हो. म्हणजे मी तसं सांगितलं.”

“मी नर्सला लाथा मारल्या?”

“ताई…”

“अगं, मी तिचं लग्न जमवून देत होते! लाथा?” आवाज चढला आणि टाके ओढले तसा तिने पोटावर हात दाबला. मी पुढे झाले तर दुसऱ्या हाताने मला थांबवलं. “लांब राहा. हे लिहिलंय कुठे?”

“माझ्या तक्त्यात लिहिलंय.”

“माझ्या नावासमोर?”

“हो.”

“आणि शांत होते, असंही?”

“हो.”

“दोन्ही खोटं,” ती म्हणाली. “जा, बदल ते.”

“मला माफ…”

“ते बघू पुढे. आधी ते बदल. पोराला तू एकटीने वाढवलंस तर वाढव बाई, तो आपल्या दोघींना ओळखतो. पण मी भांडखोर पेशंट नाही, आणि त्या दिवशी मी शांतही नव्हते. मरत होते मी.”

सोमवार, २३

सकाळी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“बावीस वर्षं,” एवढंच म्हणाल्या. मग, “पेशंटची माहिती खोटी दिलीत, सिस्टर. माझा हात तुम्ही चालवलात.”

“हो.”

“हे मला वर कळवावं लागेल.”

“हो. मॅडम, ताईची ओळ तक्त्यातून काढू नका. मला शेरा लिहायचाय.”

त्यांनी तक्ता पुढे सरकवला. एकतीस पेशंट, शेऱ्याचे एकतीस कोरे रकाने. एकोणिसाव्या ओळीत सुई उपटल्याची ती माहिती आणि गुण एक, माझ्याच अक्षरात, खाली छान रेघ मारलेली. रेघ कशाला मारली होती कोण जाणे. आधीची माहिती खोटी आहे, परिचारिकेने स्वतःच्या कारणासाठी दिली, हे पहिल्या ओळीत लिहिलं. मग:

‘रुग्ण शांत नव्हती. रुग्णाने खाटेच्या कठड्यावर तीन-तीनदा ठोकून परिचारिकेला बोलावलं. परिचारिकेला ती खूण माहीत होती. परिचारिकेने रुग्णाचा हात चादरीखाली ठेवला.’

रकाना पुरला नाही. समासात उतरावं लागलं. ‘रुग्ण पूर्वीच्या ऑपरेशननंतर हसत जागी झाली होती’ हे अगदी कडेला, आडवं लिहिलं. अक्षर वाईट आलं. तिचं चांगलं आहे.

मॅडमनी वाचलं. गुणांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि हे? किती द्यायचे?”

त्यासाठी तक्त्यात आकडा नाही.

गुरुवार, २

चौकशी होईपर्यंत मला सामानाच्या खोलीत बसवलंय. चादरी, गाऊन, बँडेजचे गठ्ठे. तिथे फार शांत आहे. परवा मामा गाऊन न्यायला आले. घुटमळत म्हणाले, “सिस्टर, त्या दिवशी मीपण हसलो होतो.” मी गाऊन मोजून दिले. रिकव्हरीच्या दाराजवळच्या भिंतीवर नुसता खिळा राहिलाय म्हणाले. लोक विचारतात, इथे काय होतं? ते सांगतात, काही नाही.

ताई भाऊजींशी बोलायला लागलीय. शेजारणीशीसुद्धा. काल मुलाशी फोनवर तासभर बोलली, भिंतीतून मला शब्द न् शब्द कळत होता. माझ्याशी कामापुरतं. तक्ता बदलला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, “बरं.” टॉनिकची बाटली न फोडलेली, जिथे ठेवली तिथेच आहे.

आज रजा घेतलीय. सकाळपासून ही वही घेऊन भिंतीला पाठ टेकून बसलेय. का बसलेय ते मला माहीत आहे.

आत्ता ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. भाऊजी कालपासून खुंटी बसवायची म्हणत होते, तेच खिळा ठोकत असतील.

तरी उठते.